ओळखीचं खातं

‘तिथे कुणी ओळखीचं आहे का हो?’ हा प्रश्न ज्याला कधी विचारावा लागला नाही, असा मराठी मध्यमवर्गीय अजून जन्माला यायचा आहे. हल्ली या ओळखीला ‘नेटवर्किंग’ म्हणतात. चर्चासत्राच्या जेवणात एका हातात ताटली सांभाळत दुसऱ्या हाताने व्हिजिटिंग कार्ड द्यायचं. समोरचा ते न वाचताच खिशात घालतो आणि आपल्याहून मोठा साहेब कुठे दिसतोय का, ते बघत असतो.

प्रश्न असा, की कामापुरती ठेवलेली ओळख ही ओळख म्हणायची का? मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हतं. जमा आणि नावे एवढंच होतं. तेव्हा हा प्रश्न मी आपला काउंटरवरूनच सोडवतो.

बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काही उलाढाल केली नाही, तर ते खातं निष्क्रिय ठरतं. गंमत म्हणजे मधल्या काळात बँक व्याज जमा करते, पण ती उलाढाल धरत नाहीत. खातेदाराने स्वतः काहीतरी करावं लागतं. मग एक दिवस गृहस्थ धावत येतात, ‘मुलीचं लग्न आहे, पैसे काढायचेत!’ आम्ही केवायसीचे कागद मागितले, की लग्न आम्हीच मोडल्यासारखे बघतात. ओळखीचंही तसंच. दिवाळीत शंभर जणांना एकदम ढकललेला पणतीचा फोटो म्हणजे आपोआप जमा झालेलं व्याज. त्याने खातं जिवंत राहत नाही.

हे आपल्यासारख्या किरकोळ माणसांपुरतंच असतं, तर सोडून दिलं असतं. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या दारात उभं होतं, तेव्हा वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीतून मॉस्कोला तार कशी जायची? राजदूत दोब्रिनिन यांनी आपल्या आठवणींत सांगून ठेवलंय: तार कंपनीचा पोरगा सायकलवरून येऊन घेऊन जायचा! दुनियेचं भवितव्य सायकलवर, आणि पोरगा वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबू नये, ही राजदूतांची काळजी.

१९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट यंत्र बसलं. सिनेमातला लाल फोन नव्हे, टेलिप्रिंटर. बोलताना माणूस भलतंच बोलून जातो, लिहिताना जरा थांबतो. खरी मौज पुढे आहे. यंत्र चालू आहे ना, हे पाहायला तासातासाला आळीपाळीने काहीतरी पाठवायचं. मात्र राजकारण वर्ज्य! मग इकडून शेक्सपिअर जायचा, तिकडून चेकॉव्ह यायचा. काम काही नाही, नुसतं ‘आहात ना?’ एवढंच. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अमेरिकेची विमानं आपल्याच हल्ला झालेल्या जहाजाकडे निघाली, तेव्हा ‘गैरसमज नसावा’ हा निरोप याच यंत्रावरून मॉस्कोला गेला. चार वर्षांच्या रिकाम्या गप्पा त्या दिवशी वटल्या.

कुणी म्हणेल, हीसुद्धा स्वार्थाचीच ओळख. कबूल. पण नफा कुणाच्या खात्यात जमा झाला, ते बघा. साऱ्या जगाच्या, म्हणजे त्यात तुम्ही-आम्हीही आलो. सार्वजनिक सेवेतल्या माणसाची ओळख याच कसोटीला लावावी. कचेरीतल्या कारकुनाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारकुनाला फोन करून कुणा विधवेची अडलेली पेन्शन सोडवली, तर ती ओळख. मेहुण्याची बदली रोखली, तर तो वशिला. फोन तोच, आणि सुरुवातीचं ‘काय, बरं आहे ना?’ही तेच.

आता या ‘बरं आहे ना?’चं उत्तर ऐकायला थांबतं कोण? आमच्याकडे एक आजोबा दर महिन्याला पन्नास रुपये भरायला येतात. मी म्हटलं, ‘आजोबा, कशाला जिने चढता? मोबाईलवरून होतं हे.’

‘होतं हो साहेब,’ आजोबा म्हणाले, ‘पण मोबाईल गुडघ्याची चौकशी करत नाही.’

मी लगेच गुडघ्याची चौकशी केली. उत्तर डाव्या गुडघ्यापासून सुरू झालं. ते उजव्यावर येईपर्यंत मागे रांगेतल्या सात जणांनी माझी चौकशी केली.