गावाचा अभिमान



कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही ज्या ज्या गावी गेलो, त्या त्या गावी 'आमच्या गावासारखे गाव नाही' हे शब्द ऐकले. कोणी नदी सांगतो, कोणी देवालय सांगतो, कोणी गावात होऊन गेलेल्या सत्पुरुषाचे नाव घेतो. ऐकताना गोड वाटते. परंतु विचार केला म्हणजे शंका येते. वारकऱ्याने देहाचा अभिमान सोडावा असे आपण नित्य सांगतो. देह तरी जन्मापासून मरणापर्यंत बरोबर असतो; गाव तर पोटासाठी अर्ध्या आयुष्यात सुटते. मग ज्याने देहाचा अभिमान टाकायचा, त्याने गावाचा धरावा काय?

प्रथम शब्द पाहू. सांख्यशास्त्राने अहंकाराचे लक्षणच अभिमान असे केले आहे. 'हे मी, हे माझे' अशी मनाची पकड, तो अभिमान. मराठीत येताना मात्र या शब्दाला गोडवा चढला. आई म्हणते, मला माझ्या लेकाचा अभिमान वाटतो. तेथे गर्व थोडा आणि माया पुष्कळ. म्हणजे एका शब्दाच्या पोटात दोन वस्तू आहेत. त्या ओळखायची खूण सोपी आहे. मायेला दुसरे गाव लागत नाही, गर्वाला लागते. शेजारचे गाव खाली बसल्यावाचून गर्वाला उभेच राहता येत नाही.

आता हा गर्व कशाकशाचा होतो ते पाहा. नदीचा म्हणावा, तर इंद्रायणी देहूहून आळंदीस जाते ती कोणा गावकऱ्याला विचारून नव्हे. डोंगर आपण रचला नाही, पाऊस आपण पाडला नाही. जे आयते मिळाले त्याबद्दल हात जोडावेत. मिशीला पीळ कसला द्यायचा?

बरे, संतांचा म्हणावा, तर तेथे अधिकच जपून बोलले पाहिजे. ज्या आळंदीस आज आपण माउलींची आळंदी म्हणतो, त्याच आळंदीत विठ्ठलपंतांची चार लेकरे संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली होती आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या, तेव्हा काठावर गाव होताच ना? संत जिवंत असताना त्याला छळावे आणि तो गेल्यावर त्याच्या नावाची कमान उभारावी, हा बहुतेक गावांचा जुना रिवाज आहे. अहो, कमान उभारावी, जरूर उभारावी. पण तिच्याखालून जाताना मान थोडी खाली असावी.

मंगळवेढ्याचेच पाहा. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे गोरगरिबांना मोकळी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबांनी देह ठेवला. हे साल १३३८ चे मानतात. ज्या कुसाच्या आत चोखोबांच्या ज्ञातीला घर बांधता येत नव्हते, ते कूस उभारताना त्यांचा जीव गेला! नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी दिली. समाधी दारापाशी झाली. पण त्यांच्या लोकांना ते दार उघडण्यास १९४७ साल यावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हा दामाजींचे कोठार सांगणाऱ्याने चोखोबांची भिंतही सांगावी. कोठार तेवढे सांगणे हा गर्व झाला. दोन्ही सांगून 'हे ऋण आमच्या शिरावर आहे' असे म्हणणे, याला आम्ही खरा अभिमान म्हणतो.

येथे कोणी पूर्वपक्ष करील, 'महाराज, अभिमानच काढून घेतला तर गावासाठी कोण झिजेल? देवळाचा कळस कोण बसवील? शाळा कोण बांधील?' प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की झिजणारी ती माया असते. गर्व फार तर वर्गणीच्या पाटीवर आपले नाव वर आले की नाही ते पाहतो. संतांनी पंढरीला माहेर म्हटले ते उगाच नव्हे. सासुरवाशिणीने माहेराला माहेर म्हणताना सातबारा पाहिलेला नसतो. तिथे गेल्यावर कोणी तरी 'आलीस का गं' म्हणून पुढे येते, एवढ्यावर ते माहेर असते.

आणि नामदेवराय पाहा. ज्यांनी पंढरीच्या पायरीखाली जागा मागितली, तेच पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. पंढरीवर माया होती म्हणून त्यांना परमुलूख वर्ज्य झाला नाही. घुमाननेही दर्जीकाम करणारा हा परभाषी मनुष्य आपला मानला. घुमानने अभिमान धरावा तो याचा.

तात्पर्य, गावाला काय लाभले हे विचारू नये. गावाने वेशीवर आलेल्याला काय दिले हे विचारावे. या कसोटीला आपल्या पालखीवाटेवरची गावे उतरतात, यात शंका नाही. वाल्हे, तरडगाव, नातेपुते, भंडीशेगाव अशा गावांत मुक्कामाच्या दिवशी गावच्या वस्तीहून कितीतरी पट माणूस येते. घरोघरी चुली पेटतात, भाकरीच्या चळती लागतात, जात-गाव न विचारता ओसरी मोकळी होते. त्या दिवशी त्या गावाने छाती काढली तर आम्ही तरी टाळच वाजवू.

परंतु आषाढ संपतो, दिवाळी होते, कारखान्याचे धुराडे पेटते आणि बीडकडची माणसे ऊसतोडीला येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लेकरू पाठीशी, कोपी गावाबाहेर. यांतल्या कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. आषाढात हाच मनुष्य दिंडीतून आला तेव्हा आपण त्याला 'माउली' म्हणून त्याच्या पायावर डोके ठेवले. मार्गशीर्षात तो घागर घेऊन विहिरीवर आला, तर आपण त्याला काय म्हणतो? त्याच्या बाईला आडोसा, त्याच्या पोराला शाळेत जागा, रात्री ताप भरला तर दवाखान्यापर्यंत गाडी, हे आपल्या गावात मिळते काय? जेथे मिळते त्या गावाला आमचा दंडवत. जेथे मिळत नाही तेथे आषाढातल्या पंगतीचे पुण्य सांगू नये, कारण त्या पंगतीत आपण माळ पाहिली, माणूस पाहिला नाही, असा त्याचा अर्थ होईल.

गावाची थोरवी गावकऱ्याने सांगायची नसते. ती पाहुण्याने आपल्या गावी जाऊन सांगायची असते. कोपी मोडून परत निघालेला तो ऊसतोड्या फाल्गुनात घरी पोहोचल्यावर आपल्या गावाचे नाव कोणत्या तोंडाने घेईल, एवढे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. विठ्ठल, विठ्ठल!