कखडी गाव का ओस पडलं?

चाकणचे कारखाने म्हणजे सातवाहन साम्राज्याचा पुनर्जन्म, हे विधान अलीकडे पिंपरी-चिंचवडच्या व्यासपीठांवरून ऐकू येतं. तेव्हा नाणेघाट उतरून माल कल्याण-सोपाऱ्याला जायचा, आता तो न्हावा-शेव्याला जातो. तेव्हा भरभराट झाली, आताही होईल. यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच याला उत्तर द्यायला हवं.

सातवाहनांचं बळ घाटवाटांत होतं, हे मान्यच. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यवसाय-संघांचे, उल्लेख आहेत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनात विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, त्यातले २००० दरमहा शेकडा एक व्याजाने. राजाच्या घरचा माणूस विणकरांवर इतका विश्वास टाकतो, तेव्हा बाजार किती मुरलेला असेल! पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारून तीच चलनात ठेवली. १९०६ साली जोगलथेंबीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुतेक अशी आहेत. राजवट बदलली, पण पैसा थांबू दिला नाही.

इथवर व्याख्याते आणि मी एकाच वाटेवर आहोत. पुढची वाट मात्र ते चालत नाहीत.

नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे पराक्रम कोरवले आहेत. ती प्रशस्ती सगळे वाचतात. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या दोन कोरड्या सरकारी आज्ञा आहेत. मला त्या जास्त मोलाच्या वाटतात. अठराव्या राज्यवर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेल्या आज्ञेने पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत भिक्षूंना दिलं. सोबत सवलती दिल्या: या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये. मग सवलत नसलेल्या शेतात काय चालत असेल? साम्राज्याचा रोजचा चेहरा या नकारांतून दिसतो. हजार गौरवलेखांत तो दिसणार नाही.

चोविसाव्या वर्षाची आज्ञा त्याहून बोलकी आहे. पूर्वी कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही, म्हणून भिक्षूंना नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत, असं राजा आणि राजमाता अमात्याला कळवतात. गाव का ओस पडलं, हे लेख सांगत नाही. युद्ध असेल, दुष्काळ असेल, जुलूम असेल. भिक्षूंना बदली जमीन मिळाली. कखडीचे कुणबी कुठे गेले, याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

आता माझ्याच म्हणण्याला आडवा येणारा पुरावा सांगतो, कारण तो अगदी आपल्या दारात आहे. देहूरोडच्या पुढे महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर आहे. श्रावणात तिथे भाविकांची रीघ लागते. तिथल्या लेण्यांतला एक लेख सांगतो की, धेनुकाकटचा नांगरधारी उसभणक याची बायको सियगुतणिका हिने मुलगा नंद याच्यासह एक लेणं दान दिलं. नांगर धरणाऱ्याच्या घरातली बाई कातळात लेणं खोदवून घेते आणि आपलं नाव कोरवते! म्हणजे तेव्हाचा कुणबी सगळीकडे नागवलेला नव्हता. काही घरांत शिल्लक होती, आणि ती खर्च करताना बाईचं नाव पुढे येत होतं. त्यामुळे सातवाहनांचं राज्य म्हणजे केवळ पिळवणूक, असं मी म्हणणार नाही. कखडी आणि घोरावडेश्वर ही दोन्ही एकाच जगात होती.

म्हणूनच चाकणची तुलना करायचीच असेल, तर पूर्ण करा. इथल्या कारखान्यांखाली शेतं होती, उद्योगांनाही सवलती मिळतात, आणि त्या कुणाला किती मिळाल्या याची कागदपत्रं असतात. जमीन देणाऱ्यांपैकी किती घरं आज सियगुतणिकेसारखी शिल्लक टाकून आहेत आणि किती कखडीच्या वाटेने गेली, ही मोजणी गावागावांत जाऊन करता येईल. सातवाहनांच्या कुणब्यांना विचारायला आपण दोन हजार वर्षं उशिरा आलो. चाकणच्या जमीनदात्यांपैकी कितीतरी जण अजून विचारण्यासारखे हयात आहेत.