ऋण फेडायचं कोणी?

आमच्या डोंबिवलीच्या गीता मंडळात संरक्षण खात्याला कुशल माणसं मिळत नाहीत हा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो. शिकून तयार झालेला पोरगा आखातात गेला, म्हणजे त्याने स्वधर्म सोडला. असं म्हणणारे बहुतेक निवृत्त बँकवाले, आणि त्यांची स्वतःची मुलं न्यू जर्सीत. (हे मी मंडळात बोलत नाही. चहा बंद होईल.)

मी नोकरीभर वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म वाचल्या. ठाण्याच्या बाजूला एका खासगी कारखान्यात बॉयलर आणि दाबाच्या टाक्या बनायच्या, त्यांचे जोड तपासायचे. गोल काळे ठिपके म्हणजे आत हवा अडकली आहे. कडेने सरळ काळी रेघ म्हणजे धातू धातूला धरलेलाच नाही. जाड, ताकदवान पोलादात तर भेग वेल्डिंगनंतर दिवस-दोन दिवसांनीही पडते, म्हणून आधी प्लेट तापवायची, रॉड ओव्हनमध्ये भाजून कोरडे ठेवायचे. हे सगळं पुस्तकात आहे. पण उकडत्या दुपारी, अवघडलेल्या मानेने, रूट पास, म्हणजे जोडाचा पहिला थर, बसला की नाही हे आवाजावरून ओळखणं पुस्तकात नाही. ते शेजारी उभं राहून शिकावं लागतं आणि काम थांबलं की हातातून जातं.

म्हणून मला पाणबुड्यांची गोष्ट सांगावीशी वाटते. 1981 मध्ये जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कील बंदरात, दोन माझगाव डॉकमध्ये बांधायच्या. इथली माणसं कीलला जाऊन शिकून आली. ‘शल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात दाखल झाली. मुंबईत पाणबुडी बांधता येते हे सिद्ध झालं. पण मधेच दलालीचे आरोप झाले होते, पुढच्या बोटींचा विचार बारगळला. त्यानंतरचा करार, फ्रेंच स्कॉर्पिनचा, थेट 2005 मध्ये. त्यातली ‘कलवरी’ दाखल व्हायला 2017 उजाडलं. मधल्या काळात शिकलेले हात पांगले, म्हातारे झाले. इंग्लंडच्या बॅरो गोदीतही असंच घडलं. मधे काम आटलं, आणि अ‍ॅस्ट्यूट पाणबुडीच्या वेळी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची माणसं मदतीला आणावी लागली. तिथल्या वेल्डरनेही स्वधर्म सोडला होता का?

आपल्याकडे माणूस ऋण घेऊनच जन्मतो असं मानतात. त्यातलं ऋषिऋण फेडायचं ते शिकून आणि शिकवून. मंडळातल्या चर्चेत हे ऋण एकट्या कामगाराच्या खात्यावर मांडतात, तिथे मी अडतो. वेद शिकवायला शिष्य पुरतो. पाणबुडीचं वेल्डिंग शिकवायला शिष्य लागतो आणि पाणबुडीही लागते. ‘शंकुल’नंतर अकरा वर्षं नव्या बोटीचा करारच झाला नाही, तर कीलहून शिकून आलेल्या माणसाने ऋण फेडायचं कुठे? घरी गॅलरीत? ज्याने काम थांबवलं, कर्जदार तोच आहे. निष्काम कर्माचा उपदेश कर्म हातात असलेल्याला करावा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेतून कर्मयोग आणि लोकसंग्रह मांडला, तो मला तरी एकट्या मजुराला नीतीचे धडे देण्यासाठी मांडलेला वाटत नाही. लोक एकत्र धरून ठेवायचे तर ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा, त्याच्यावर भार जास्त.

स्कॉर्पिन मालिकेतली सहावी, ‘वाघशीर’, 2025 च्या जानेवारीत दाखल झाली. तिच्यावर तयार झालेल्या हातांसमोर पुढचा सांगाडा किती लवकर उभा राहतो, यावर ऋणाचा हिशोब ठरेल. पगार वाढवा, देशभक्तीची पोस्टरं लावा, हे नंतरचं.

एक प्रश्न मात्र माझ्या या हिशोबात बसत नाही. फिल्म वाचायला माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा म्हणाला, ‘सर, पाणबुडीचं काम मिळालं तरी मी करणार नाही. माणसं मारायच्या वस्तूचा जोड मला तपासायचा नाही.’ मला महाभारतातला धर्मव्याध आठवला. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा, स्वतः पशू न मारणारा. तरीही तो कौशिक ब्राह्मणाला आपले हात स्वच्छ आहेत असं सांगत नाही. आपलं काम घोर आहे हे कबूल करतो आणि दुकान चालवतो. मी मुलाला म्हटलं, त्या बोटीत चाळीसेक खलाशी असतात, खोल पाण्यात त्यांचा जीव त्याच जोडावर असतो. तो म्हणाला, ‘आणि समोरच्या बोटीत?’

मला उत्तर देता आलं नाही. तो तेलाच्या पाइपलाइनवर अबू धाबीला निघाला होता, त्याला शिफारसपत्र हवं होतं. मी दिलं, आणि फिल्म वाचण्यात हा माझ्याहून सरस आहे असंही त्यात लिहिलं.