अग्नीची विद्या आणि आचार्यांची वाट

छांदोग्य उपनिषदात उपकोसल नावाच्या ब्रह्मचाऱ्याची कथा आहे. सत्यकाम जाबालाच्या घरी त्याने बारा वर्षे अग्नींची परिचर्या केली; परंतु इतर शिष्यांचे समावर्तन झाले आणि यास मात्र काही न सांगताच आचार्य प्रवासास निघून गेले. तेव्हा खिन्न होऊन अन्न टाकून बसलेल्या त्या शिष्याची करुणा येऊन, ज्यांची त्याने सेवा केली होती त्या अग्नींनीच त्यास विद्या दिली. परंतु शेवटी त्यांनी एक मर्यादा सांगितली: पुढची गती तुझे आचार्यच तुला सांगतील. भाष्यकार हे वचन देवयान मार्गाकडे नेतात, आणि ते यथार्थच आहे. तथापि अग्निशामक दलात नवागतांना तालीम देणाऱ्या उस्तादाने ही कथा स्वधर्माची म्हणून वाचावी, असे मला फार मनापासून वाटते. अनुभव हाच गुरू असेल, तर माणसाने माणसाला शिकवावयाचे ते काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नित्य उभा असतो. कारण अग्नीही शिकवितो खरा, पण पुष्कळदा त्याचा पाठ पुरा होतो तेव्हा शिष्य हयात नसतो.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, मिसूरी नदीकाठच्या मान गल्च नावाच्या घळीत, ५ ऑगस्ट १९४९ रोजी वणवा विझविण्यास पंधरा जवान विमानातून हवाई छत्रीने उतरले. खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. वणव्याने घळ ओलांडून वाळल्या गवतातून चढण धरली, तेव्हा नायक वॅगनर डॉज याने अवजारे टाकून देण्याचा हुकूम केला, आणि ज्वाळा अगदी पाठीशी येऊन ठेपल्या असता पुढच्या गवतास स्वतःच काडी लावून, जळून काळ्या पडलेल्या त्या जागेत शिरून तो इतरांस आत बोलावू लागला. कोणी आले नाही. जळलेले पुन्हा जळत नाही, हे त्यास त्या क्षणी सुचले होते. बाकीच्यांस दिसले ते एवढेच, की आग विझविणारा आग लावीत आहे. तेराजण गेले, राखेत पालथा पडून राहिलेला डॉज आणि खडकांच्या फटीतून माथा गाठणारे दोघे वाचले.

डॉजचे ज्ञान खरे होते, हुकूमही खरा होता. परंतु आज्ञेने श्रद्धा उत्पन्न होत नाही, आणि मृत्यू मागे लागला असता ती उत्पन्न करण्यास अवकाशही नसतो. ती आधी, निवांत दिवशी, कवायतीच्या मैदानावर कमवावी लागते. आगीच्या जागी हुकूम तत्क्षणी पाळला गेला पाहिजे, याविषयी दुमत नाही. आणि नेमके त्याचसाठी मैदानावर शिष्यास ‘का’ म्हणून विचारण्याची पूर्ण मुभा असली पाहिजे, हे मात्र शिस्तीच्या अभिमानी माणसांस पटविणे कठीण जाते. बंद दारास तळहात न लावता हाताची पालथी बाजू लावावी, एवढे कोणीही घोकून घेईल; पण पालथा हात पोळला तरी दोर नि पाण्याची नळी धरावयास तळवा शाबूत राहतो, हे ज्यास उमगले त्याच्या हातून घाईतही चूक होणार नाही. दाराखालून बाहेर आलेला धूर पुन्हा आत ओढला जात असेल, तर खोली हवेसाठी आसुसलेली आहे आणि दार उघडताच ज्वाळेचा लोट अंगावर येईल, हेही नुसते ओरडून सांगण्याजोगे नव्हे; शिष्यास दाराशी गुडघे टेकून बसवून तो धूर त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्यावा आणि मग गप्प राहावे.

सरावासाठी मुद्दाम पेटवावयाच्या इमारतीत नवागतांस आधी, आग नसताना, खोल्याखोल्यांतून फिरवून बाहेर पडण्याच्या वाटा दाखवून द्याव्यात, हा नियम मला केवळ सावधगिरीचा वाटत नाही. विश्वासाने आपल्या हाती आलेल्या जिवाविषयीचे ते ऋण आहे. कठोपनिषदात यमाने नचिकेत्यास अग्निचयनाच्या विटा कोणत्या, किती आणि कशा रचावयाच्या हे सांगितल्यावर नचिकेत्याने ते सारे जसेच्या तसे परत म्हणून दाखविले, आणि मगच यम संतुष्ट झाला. उस्तादानेही प्रत्येकाकडून वाट परत वदवून घ्यावी, तीच वाट का हेही विचारावे; एकास जरी सांगता आले नाही, तर कसूर आपली मानून पुन्हा पहिल्या खोलीपासून आरंभ करावा, आणि त्या दिवशी आग पेटवू नये.