हात सोडण्यापूर्वी

लहान मुलांना पोहायला शिकवताना एक वाक्य हमखास ऐकू येते : “घाबरू नकोस, मी धरलंय तुला.” पुष्कळदा हे म्हणता म्हणताच हात काढून घेतलेला असतो. मूल दोन-चार हात मारते, तरंगते आणि काठावरचे सगळे टाळ्या वाजवतात. आपणही कदाचित असेच शिकला असाल. तरीही एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा : हेतू चांगला असला, तरी मुलाला असे फसवणे योग्य आहे का?

प्रथम पाण्याचा स्वभाव पाहू. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १ किलो असते. छातीत श्वास भरला की बहुतेकांचे शरीर तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किंचित हलके होते, म्हणून ते तरंगते. भीती वाटली की मात्र आपण अंग आखडतो, मान वर ताणतो आणि पाय खाली जाऊ लागतात. म्हणजे तरंगायला आधी ताकद नव्हे, अंग सैल सोडता यावे लागते. ज्याच्या शब्दावर भरवसा आहे, त्याच्यापाशीच मूल अंग सैल सोडते.

म्हणून न सांगता हात काढला की मूल एकदम दोन गोष्टी शिकते. मला तरंगता येते, ही पहिली. मोठ्यांचा शब्द खरा असेलच असे नाही, ही दुसरी. वाणिज्य शाखेत शिकताना मला हे दुसऱ्याच्या ठेवीतून न विचारता पैसे काढण्यासारखे वाटते. नफा झाला, तरी संमती घेतली नव्हती, हे उरतेच.

महाराष्ट्रातील गावांत विहिरीवर पोहायला शिकवताना पाठीला सुके भोपळे किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. सराव वाढला की हा आधार कमी करत. तो कमी झाल्याचे शिकणाऱ्याला ठाऊक असे. त्याच विहिरींत काहींना ढकलूनही दिले जाई. त्यांतले कित्येक शिकले, हे खरे. पण कित्येकांनी पुन्हा पाण्यात पाय टाकला नाही.

कोणी म्हणेल, “आधी सांगितले तर मूल हातच सोडणार नाही.” दोन-चार दिवस जास्त लागतील, हे मान्य. पण कायम धरून ठेवणे हाही उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. हात सोडायलाच हवा. फक्त तो सांगून सोडावा.

यासाठी घाई नको. आधी काठ धरून पाण्यात तोंडाने बुडबुडे काढू द्यावेत, मग पाय मारू द्यावेत, मग उताणे तरंगू द्यावे. नंतर म्हणावे, “आता मी तीन आकडे मोजेपर्यंत हात काढतो. मी इथेच आहे.” तीन म्हणजे तीनच, चौथा मोजू नये. आणि खरोखर तिथेच राहावे, हाताच्या अंतरावर. बुडणारे मूल अनेकदा ओरडूही शकत नाही.

अशा मुलाला स्वतःची मर्यादाही खरी कळते. तलावात तरंगता आले म्हणजे वाहती नदी आपली झाली नाही, हे त्याला सांगितले तर पटते. कारण सांगणाऱ्याने त्याला आजवर खोटे सांगितलेले नसते.

येत्या सुट्टीत आपण एखाद्या मुलाला पाण्यात उतरवाल, तेव्हा एवढे करून पाहावे. हात सोडण्यापूर्वी त्याला तसे सांगावे आणि त्याच्या होकाराची वाट पाहावी.