ठाण्याला

शहापूर-मुरबाडकडच्या बोलण्यात ‘ठाण्याला’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कलेक्टर कचेरीत काम निघालं की माणूस ठाण्याला जातो; मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून आधी एसटीनं कल्याण, मग लोकल. दुसरा अर्थ चिडून उच्चारला जातो : ‘याला ठाण्याला न्यायला हवं.’ तो तिथल्या शंभर वर्षांहून जुन्या मनोरुग्णालयाचा. साडी नेसावीशी वाटणाऱ्या मुलाच्या वाट्याला भगत, अंगारा आणि हा दुसरा अर्थच येत राहिला.

ही धमकी गावानं एकट्यानं रचलेली नाही. तिच्यामागे ग्रंथ उभे होते. १८८६ साली मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंगनं लैंगिक विकृतींची जंत्री मांडली आणि आपलं लिंग बदललंय या जाणिवेचं टोक भ्रमिष्टपणात नेऊन ठेवलं. बर्लिनच्या डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्डनं १९१० मध्ये याच माणसांकडे निसर्गातलं वैविध्य म्हणून पाहिलं; १९३३ मध्ये नाझींनी त्याची संस्था लुटली, ग्रंथ जाळले. जंत्री मात्र टिकली. अमेरिकी मनोविकार संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांतून काढली आणि १९८० च्या निदान-पुस्तिकेत ‘ट्रान्ससेक्शुअलिझम’ दाखल केलं. २०१३ मध्ये याच संघटनेनं भर ओळखीवरून क्लेशावर नेला. जागतिक आरोग्य संघटनेनं तर १ जानेवारी २०२२ पासून हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. पुरता पुसला नाही, कारण नोंदच नसेल तर हार्मोन किंवा शस्त्रक्रिया मागायची कशाच्या आधारावर? ही तडजोड मला पटते, पण बोचतेही. मदत हवी असेल तर आधी यादीत नाव हवं.

मला अधिक अस्वस्थ करतं ते आपलं क्रियापद. इंग्रजीत ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ यांत फरक नाही. तिथला माणूस डॉक्टरपुढे बराच वेळ झाकलेला राहू शकतो. मराठीत पहिल्याच वाक्याला कबुली द्यावी लागते. साडी नेसावीशी वाटणाऱ्या तिनं धीर करून ‘मी मुरबाडहून आले’ म्हणावं, आणि समोर केसपेपरवर ‘रुग्ण स्वतःला स्त्री समजतो’ असं उमटावं! त्या ‘समजतो’मध्ये निदान होऊन गेलेलं असतं. तपासणी नंतरची. पुस्तिकेची आवृत्ती बदलते, हा ‘तो’ बदलायला कोणती समिती बसायची?

कायदा काही पावलं पुढे आला. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बजावलं की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीत न बसणं हा मनोविकार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. आणि २०२० च्या नियमांनी ओळखपत्राचा अर्ज वैद्यकीय तपासणीविना, प्रतिज्ञापत्रावर, जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची सोय केली होती.

म्हणजे पुन्हा ठाण्यालाच. तीच एसटी, कल्याणचा तोच गर्दीचा पूल; शब्दाचा अर्थ तेवढा पहिला. मराठी प्रतिज्ञापत्रावर बहुधा ‘लिहून देतो/देते की’ असं छापलेलं असतं. नको ते आपल्या हातानं खोडायचं असतं.