बांधापलीकडची काडी

नवा धंदा काढणारा माणूस सगळ्यात आधी तोंड मिटून घेतो. कल्पना बाहेर फुटली की शेजारी ती उचलणार, ही धास्ती. ती वेडगळ नाही, पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: शेजारी हाच आपला स्पर्धक. ते कितपत खरं, हे तपासायला द्राक्षबागेसारखी जागा नाही.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला, तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’. हे शोध प्रयोगशाळेतले नव्हेत. वेगळा वेल ओळखणाऱ्या नजरेचे आहेत. या वाणांच्या कलमाच्या काड्या बागेतून बागेत आणि जिल्ह्यातून जिल्ह्यात गेल्या. काडीमागोमाग माहितीही गेली. द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांत आजही खरड छाटणी कधी घेतली, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून पेस्टिंग कितव्या दिवशी केलं, मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवायचं डिपिंग किती पीपीएमनं दिलं, हे उघड विचारलं जातं आणि सांगणारा सांगतोही. कारण आकडा कळला म्हणून घड साधत नाही. द्रावणाचा सामू चढला तर जीएचा असर उतरतो. मणी तीन-चार मिलिमीटरचा असताना चालणारी मात्रा फुलोऱ्यात दिली तर घाटा होतो. आकडा वहीत उतरवता येतो, पण घड बुडवायचा दिवस ज्याचा त्यालाच ओळखावा लागतो.

शिवाय इथे शेजाऱ्याचं पीक चांगलं आल्यानं आपला भाव पडत नाही. भाव दिल्लीत ठरतो, नाहीतर रॉटरडॅमला. उलट शेजाऱ्याचं अज्ञान मात्र महागात पडतं. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. माल अडकला तेव्हा कुणी किती फवारलं, हे कोण विचारत बसतं? डाग सगळ्यांच्याच पेटीला लागला.

हे द्राक्षापुरतंच आहे असंही नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या खाणींत पाणी उपसायला वाफेची इंजिनं लागत. 1800 पर्यंत जेम्स वॉटच्या पेटंटनं तिथल्या कारागिरांचे हात बांधले होते. पुढे 1811 पासून खाणवाल्यांनी एक मासिक अहवाल सुरू केला. कुणाचं इंजिन एका मापाच्या कोळशात किती पाणी उचलतं, हे नावानिशी छापलं जाई. ट्रेव्हिथिक या अभियंत्यानं 1812 मध्ये उभारलेल्या इंजिनाचं पेटंट घेतलंच नाही आणि तीच रचना पुढे तिथे रूढ झाली. तीनेक दशकांत तेवढ्याच कोळशात सरासरी दुपटीहून जास्त पाणी निघू लागलं. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी: खाणवाले इंजिनं विकत नव्हते, तांबं आणि कथील विकत होते. शेजाऱ्याचा कोळसा वाचला म्हणून त्यांचं काहीच जात नव्हतं.

म्हणूनच हा न्याय सगळीकडे लावता येणार नाही. एकाच चौकात समोरासमोर दोन मिसळवाले असतील, तर तर्रीचं वाटण सांगत सुटणं हा शहाणपणा नव्हे. तिथे गिऱ्हाईक मोजकं, आणि ते एकाकडे गेलं की दुसऱ्याचं बाक रिकामं. फक्त आपला धंदा या चौकातला आहे, असं समजणारे लोक प्रत्यक्षात असलेल्यांपेक्षा फार जास्त असतात, एवढंच.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: शोधणाऱ्याच्या पदरात काय? आर्वे आणि काळे यांना नाव मिळालं. प्रत्येक काडीमागे स्वामित्वधन मिळालं नाही. नवा वाण शोधायला पंधरा-वीस वर्षं घालवणाऱ्याला नुसत्या नावावर जगा म्हणणं सोपं आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंद करण्याचा हक्क दिला, हे बरंच झालं. पण इथेही काडी आणि कसब वेगळं धरावं लागतं. काडीवर हक्क सांगता येतो. कसब बोलल्याशिवाय वाढत नाही. नाशिकच्या ‘सह्याद्री’सारख्या शेतकरी कंपनीनं ‘आरा’ हे परदेशी वाण परवान्यानं आणले आहेत. त्या बागेतली काडी बांधापलीकडे देता येत नाही. तिथली छाटणी कोणत्या आठवड्यात घेतली, हे मात्र बांधावर उभं राहून विचारायला परवाना लागत नाही.